बिनओरखड्याचं विमान

रूबेन आरियागाला विमानाच्या नाकाखाली आडवं होऊन तास होत आला होता. तेवढ्या वेळात आर्डिथ कुचेराने हँगरचा केर दोनदा काढला.

तिला भीती अशी काही नव्हती. जाहिरात तिने स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि तिच्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, "एकदाही अपघात नाही" असं होतं. चार माणसांचं, पांढऱ्यावर निळा पट्टा असलेलं विमान. तिच्या नवऱ्याने, मायलोने, ते एक्क्याऐंशी साली घेतलं होतं आणि गेल्या हिवाळ्यात हृदयाच्या एका झटक्यात तो गेला तोपर्यंत पोटच्या पोरासारखं जपलं होतं. चिखलातून चालत आलेल्या माणसाला तो विमानात बसू देत नसे, मग तो चर्चचा पाद्री का असेना.

घेणारी होती टेस हाल्व्हरसन, तालुक्याची गुरांची डॉक्टर. नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत एका गायीपासून दुसऱ्या गायीपर्यंत गाडी हाणून तिची कंबर पस्तिशीतच कामातून गेली होती. आर्डिथने अडुसष्ट हजार डॉलर सांगितले, टेसने मान डोलावली. पण इथे विमान असं नुसतं मान डोलावून कुणी घेत नाही. ज्याने त्या विमानाला आजवर हातही लावलेला नाही असा मेकॅनिक बाहेरून आणायचा, त्याने सगळं उघडून बघायचं आणि मग बोलायचं. म्हणून नॉर्थ प्लॅटहून रूबेन आला होता.

"मिसेस कुचेरा, जरा इकडे येता?"

आर्डिथ सत्तर वर्षांची होती, पण कुणी काही दाखवतो म्हटलं की तिचे गुडघे दुखायचे थांबत. ती खाली वाकली. रूबेनने काडीला लावलेला छोटा आरसा आत धरला आणि त्यावर बॅटरीचा झोत टाकला.

"इंजिन आणि तुमचे पाय यांच्यामधली ही पत्र्याची भिंत. फायरवॉल. वरचा अर्धा भाग कारखान्यातून आला तसा आहे. खालचा अर्धा नंतरचा आहे."

"नंतरचा म्हणजे?"

"रिव्हेट बघा ना. वरच्यांची डोकी बसकी, खालच्यांची गोल. आणि खाली हिरवट अस्तर मारलंय. चौसष्ट साली, हे विमान बनलं तेव्हा, कारखान्यात या भागाला अस्तर मारतच नव्हते."

"वाईट काम आहे का?"

"उलट! इतकं सुबक काम मला वर्षातून एकदा दिसतं. म्हणून तर सांगतोय. एवढा खटाटोप कुणी हौस म्हणून करत नाही." तो बाहेर सरकला आणि हात पुसत बसला. "हे विमान कधीतरी नाकावर आपटलंय."

"नाही आपटलेलं."

"बरं."

"बरं काय? मी सांगतेय ना. मायलोच्या हातून सायकलसुद्धा कधी आपटली नाही."

रूबेन वाद घालणाऱ्यातला नव्हता. त्याने टेबलावरच्या वह्या पुढे ओढल्या. विमानाचं जन्मापासूनचं सगळं या वह्यांमध्ये असतं: कधी तेल बदललं, कधी टायर, कुणी बदलला, त्याची सही. "पहिली वही एकोणऐंशीला संपते. ही पुढची नव्वदला सुरू होते. मधली कुठाय?"

"तळघरात होती. उंदरांनी खाल्ली."

रूबेनच्या मिशा हलल्या. "उंदरांना नेमकी तीच वही आवडते. वीस वर्षं बघतोय मी. पूर आला तरी तीच वाहून जाते, घर जळलं तरी तीच जळते. बाकीच्या वह्यांना कुणी हुंगतसुद्धा नाही."

संध्याकाळी टेस आली तेव्हा त्याने सगळं तिच्यापुढे पुन्हा सांगितलं, आर्डिथच्या देखत, आडपडदा न ठेवता. आर्डिथला त्याचा राग आला आणि तो आवडलाही.

"हे बघा डॉक्टर, मार लागलेला लिहिलेला असता, तर मी त्याची किंमत सांगू शकलो असतो. अमक्या साली नाक आपटलं, अमक्याने नीट केलं, त्यानंतर दोन हजार तास बिनतक्रार उडालं. मग दोन-तीन हजार कमी करा आणि मिटवा. जुन्या विमानांचं काय, आपल्यासारखंच, कुठे ना कुठे लागलेलंच असतं. पण वही गायब म्हटल्यावर घेणारा स्वतःच्या मनाने चित्रं काढायला लागतो. नदीत पडलं होतं का? कुणी मेलं होतं का? उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूसही हेच विचारणार. अशा वेळी पंधरा-वीस हजार सरळ उडतात."

टेसने बुटाच्या टोकाने जमीन उकरली. "पन्नासला घेते मी. आर्डिथ, तुमच्यावर माझा संशय नाही हं."

"नाही कसा? त्याचेच तर अठरा हजार कापतेस!"

टेस लाल झाली. तिने पंधरा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात वही मिळाली किंवा काही उलगडा झाला तर बघू, नाहीतर पन्नास.

अठरा हजार म्हणजे काही कमी पैसे नव्हेत. पण खरं सांगायचं तर आर्डिथला टोचत होतं ते वेगळंच. उंदरांची गोष्ट मायलोने तिला सांगितली होती. जेवणाच्या टेबलावर, बटाटे वाढून घेता घेता, चेहऱ्यावरची रेघही न हलवता. तेव्हा एकतर हा नॉर्थ प्लॅटचा मिशाळ माणूस चुकत होता, नाहीतर चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मायलोने तिला बेमालूम शेंडी लावली होती. आणि वर "एकदाही अपघात नाही" हे शब्द तिचे, खाली सही तिची. ज्या गावात कुणाची गाय व्याली हेही चर्चमध्ये कळतं, तिथे ती आता खोटारडी ठरणार होती. तिला किंमत वाढवून हवी होतीच, पण त्याहून जास्त, मायलोने काय लपवलं ते हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावपट्टीवरच्या कॉफीच्या खोलीत गेली. ही खोली तिनेच वीस वर्षं सांभाळली होती, म्हणजे कॉफी लावायची, हिशेब लिहायचे आणि म्हाताऱ्यांना हाकलायचं. हे चार म्हातारे रोज साडेनऊला जमत, कॉफीचे पैसे कोण देणार यावर चामड्याच्या पेल्यात फासे खुळखुळवत आणि उभ्या तालुक्याची लक्तरं काढत. त्यांच्यात दोघे पुढारी. वेंडेल होइट, ज्याने निम्म्या गावाला विमान शिकवलं आणि आर्डिथलाही. आणि जीन विबल्स, मक्यावर औषध फवारण्यात ज्याची हयात गेली आणि बरेचसे केसही.

खोलीच्या भिंतीवर चौकटीत कापडाचा एक तुकडा होता. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवून खाली आलं की शिकवणारा कात्री घेऊन शिष्याच्या शर्टाची पाठ कापतो, त्यावर नाव-तारीख घालून भिंतीला लावतो. हा तुकडा आर्डिथच्या पिवळ्या शर्टाचा. सतरा मे एकोणीसशे शहाऐंशी. त्या दिवशी तिने मायलोचं विमान एकटीने वर नेलं आणि खाली आणलं, आणि कसं आणलं तर लोण्यासारखं. हा शब्द मायलोचा. पुढे अनोळखी कुणीही कॉफीला आला, कीटकनाशकाचा विक्रेता असो की वाट चुकलेला, त्याला ही गोष्ट ऐकल्याशिवाय दुसरा कप मिळत नसे. पुढे परवाना मिळवायचा तेवढा राहून गेला. दरवेळी काहीतरी आडवं आलं, बहुतेक वेळा वारा.

"रूबेन म्हणतो फायरवॉल बदललीय," आर्डिथ म्हणाली.

वेंडेलच्या हातातला पेला खुळखुळत राहिला. फासे काही बाहेर पडेनात.

"मायलोने कधी नाक आपटलं होतं का रे? खरं सांगा."

"मायलो? छे!" जीन म्हणाला आणि कॉफीत तिसऱ्यांदा साखर घातली. त्याला साखर बंद होती.

"मग कोणी?"

"आर्डिथ, दे ना पन्नासला," वेंडेल म्हणाला. "टेस चांगली मुलगी आहे. कशाला जुनी उखाळीपाखाळी."

दहा सेंटच्या कॉफीवरून तास तासभर भांडणारी ही माणसं तिला अठरा हजार सोडून दे म्हणत होती. आर्डिथने चौघांकडे आळीपाळीने बघितलं. चौघेही खिडकीबाहेर बघत होते आणि खिडकीबाहेर काहीही नव्हतं. तिथून तिच्या डोक्यात जो किडा वळवळायला लागला तो काही केल्या बसेना.

तिने रूबेनला फोन केला. तो म्हणाला, वही उंदरांनी खाल्ली असेल, पण सरकारने नाही. विमानाचं कुठलंही मोठं काम झालं की त्याचा एक कागद ओक्लाहोमातल्या कचेरीत जातो, आणि तिथे तो राहतो. मागवूया.

दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आर्डिथने खसखशीचे कोलाचे, म्हणजे मध्ये सारण भरलेले गोड पाव, भाजले, आलुबुखाराचे भाजले, शेजाऱ्यांनी दार उघडायचं बंद केलं तरी भाजले. शेवटी रूबेनचा फोन आला.

"मिळाला. जून शहाऐंशी. फायरवॉलचा खालचा भाग बदलला, पुढच्या चाकाचा आधार बदलला. काम एन्सवर्थला झालंय. मेकॅनिकचं नाव हर्ब निसेन. कारण या कागदावर नाही, ते त्या वहीत असणार."

एन्सवर्थ! सव्वाशे मैलांवर! हँगरच्या शेजारी गावचा मेकॅनिक बसलेला असताना?

"मालकाची सही?"

"मायलो कुचेरा."

जून शहाऐंशीत आर्डिथ लिंकनला होती, बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून तीन आठवडे. मायलो रोज फोन करायचा. विमान कसंय विचारलं की म्हणायचा, धूळ खातंय.

तिने ट्रक काढला. रूबेन सोबत येतो म्हणाला, तिने नको म्हटलं. काही गोष्टी एकटीने ऐकायच्या असतात असं तिला वाटलं, आणि एन्सवर्थच्या रस्त्यावर पहिल्या अर्ध्या तासातच तिने त्या बाईला जन्माला घातलं. बाई असणारच. बायको गावाला गेली, मायलोने कुणालातरी फिरायला नेलं, तिच्याकडे बघता बघता जमिनीकडे बघायचं राहिलं. मग गावात नको म्हणून सव्वाशे मैलांवर. म्हणूनच ते चौघे मूग गिळून बसलेत. पुढच्या तासाभरात त्या बाईला तांबूस केस आले, चॅड्रन गावातल्या बँकेत नोकरी लागली आणि खिदळल्यासारखं हसणंही मिळालं. एन्सवर्थ आलं तेव्हा आर्डिथ मेलेल्या नवऱ्याशी मोठ्याने भांडत होती.

हर्ब निसेन नव्वदीचा होता. हँगर आता मुलगा चालवायचा, हर्ब शेगडीजवळ खुर्ची टाकून त्याच्या चुका काढायचा. आर्डिथने नाव सांगितलं आणि त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"म्हणजे ती तू."

"ती कोण?"

"मायलो का नाही आला?"

"गेला तो. जानेवारीत."

"अरेरे." हर्बने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मुलाला ओरडला, "त्या लोखंडी कपाटातली खालच्या कप्प्यातली पिशवी आण. ती नव्हे रे, तपकिरी! पन्नास वर्षांचा घोडा झालास, अजून कप्पे कळत नाहीत." आणि आर्डिथला म्हणाला, "विकायच्या वेळी न्यायला येतो म्हणाला होता. मला वाटलं अजून विकायचं नसेल."

पिशवीत वही होती. उंदराचा एक दातही न लागलेली. त्याच वहीत एन्सवर्थनंतरची चार वर्षंही होती, मायलो दरवर्षी गुपचूप येऊन नोंद करून जायचा. हर्बने शाईने लिहिलेलं पान उघडून तिच्यापुढे धरलं. अक्षर शाळामास्तरासारखं होतं.

"सतरा मे शहाऐंशी रोजी शिकाऊ वैमानिकाच्या पहिल्या एकट्या उड्डाणात उतरताना पुढचं चाक अनेक वेळा जोरात आपटलं. फायरवॉल खालच्या बाजूने चुरगळली."

आर्डिथने ते एकदा वाचलं. मग तारीख पुन्हा वाचली. ती तारीख तिने वीस वर्षं रोज कॉफी लावताना भिंतीवर बघितली होती. चॅड्रनची बाई, तांबूस केस, बँकेची नोकरी, सगळं एका क्षणात विरून गेलं, आणि तिच्या जागी पिवळा शर्ट घातलेली सदतीस वर्षांची आर्डिथ उभी राहिली.

"पण मी लोण्यासारखं..." ती म्हणाली.

"तो गयावया करत होता," हर्ब म्हणाला. "कारण लिहू नको म्हणाला. मी म्हटलं, माझ्या हातचं काम आहे, कारण लिहिल्याशिवाय सही करत नाही, जा दुसरीकडे. मग म्हणाला लिही, पण वही तुझ्याकडेच राहू दे. ती वाचते, म्हणाला. माझी बायको सगळं वाचते. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा."

"अनेक वेळा म्हणजे किती वेळा?"

"मी कुठे तिथे होतो? पत्रा बघून सांगायचं तर, पोरी, बऱ्याच."

ट्रकमध्ये येऊन ती वही मांडीवर घेऊन बसली. किल्ली फिरवायचं तिला सुचेना. ही वही टेसपुढे ठेवली की पंधरा हजार परत येत होते, मायलोवरचा डाग जात होता, आणि तिच्या आयुष्यातली सगळ्यात आवडती गोष्ट मात्र कायमची जात होती. नाही ठेवली, शेगडीत घातली, तर गोष्ट राहत होती. हर्ब नव्वदीचा, तो कुणाला सांगायला येतोय? पंधरा हजारांत एक गोष्ट विकत घेता आली असती. आर्डिथला रडू आलं. मायलोने तिच्यासाठी केवढं केलं म्हणून आलं, आणि केवढं फसवलं म्हणूनही आलं, आणि ते कशाचं जास्त आहे हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग तिला वारा आठवला. दरवेळी आडवा येणारा तो वारा. "आज वारा आडवा आहे, आर्डी, उतरवतो मी." तीस वर्षं ती त्याच्या शेजारी बसली, वर आभाळात असताना विमान तिच्या हातात आणि जमीन दिसली की त्याच्या. तिला वाटायचं, त्याला हौस आहे.

रडू तिथेच थांबलं. तिने ट्रक सुरू केला आणि रूबेनला आणि टेसला उद्या सकाळी कॉफीच्या खोलीत या म्हणून निरोप ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हातारे तिथे होतेच. तिने वही टेबलावर अशी आपटली की फासे उडाले.

"वाच, वेंडेल. मोठ्याने."

वेंडेलने पान बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाचलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं."

टेस दारातच थबकली होती आणि रूबेन तिच्या मागे.

"चौघांनाही माहीत होतं! जीन?"

"आम्ही कुंपणाशी उभे होतो, आर्डिथ," जीन म्हणाला. "न दिसायला आंधळे थोडेच होतो."

"आणि मला म्हणालात लोण्यासारखं!"

"मायलो म्हणाला," वेंडेलने घाईने दुरुस्ती केली. "आम्ही माना डोलावल्या. अगं, तू दार उघडून उतरलीस तेव्हा तुझा चेहरा बघितला असतास तर! तू त्याआधी शिडीवर चढायला घाबरायचीस. माझ्या हातात कात्री होती, मी काय बोलणार होतो? आणि तू म्हणालीस काय, तर या गवताखाली घुशींची बिळं झालीत, फार हादरे बसले."

खोलीत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं.

"बिळं..." आर्डिथ हळूहळू म्हणाली. "पुढच्या रविवारी तुम्ही सगळे फावडी घेऊन बिळं बुजवत होतात. मी तुम्हाला सरबत आणून दिलं."

"एकही बीळ नव्हतं," जीन म्हणाला. "चार तास उन्हात माती इकडची तिकडे केली. मायलो म्हणाला, तिने बघितलं पाहिजे."

आता टेससुद्धा हसली, आणि रूबेन मिशांवर हात धरून भिंतीकडे वळला. आर्डिथ मात्र हसली नाही.

"ज्यांच्या पोटात स्वतःच्या मुलाचा घटस्फोट दोन दिवस राहत नाही, त्यांनी हे तेहेतीस वर्षं पोटात ठेवलं. उपकार झाले. पण एक सांगा. त्या दिवशी मला खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? वेंडेल, तू मास्तर ना? काय झालं असतं?"

वेंडेल पुढे वाकला. "रडली असतीस. मग दुसऱ्या दिवशी मी तुला पुन्हा वर नेलं असतं. दहा-बारा वेळा खाली-वर केलं असतं. आणि आली असती तुला." तो म्हणाला. "सगळ्यांचं तसंच होतं. मीही दोनदा चाक मोडलंय."

"मग माझंच तेवढं का नाही केलंस?"

वेंडेलने फासे गोळा करून पेल्यात घातले आणि पेला उपडा करून ठेवला.

रूबेन पुढे आला आणि त्याने वही उभ्यानेच पान न पान चाळली. मग टेसकडे वळला. "स्वच्छ आहे. काय झालं, कधी झालं, कुणी नीट केलं, सगळं आहे. तीन हजार कमी करा, वर एक सेंट नको."

"पासष्ट," टेस म्हणाली. "आत्ता चेक लिहिते."

"थांब," आर्डिथ म्हणाली. "आत्ता नको. अजून विमान माझं आहे ना?"

"हो."

"मग वेंडेल, तुझा शिकवण्याचा परवाना चालू आहे की तोही उंदरांनी खाल्ला?"

वेंडेलने तिच्याकडे बघितलं. मग खिडकीतून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघितलं. "वारा आडवा आहे, आर्डि..." इतकं बोलून त्याने जीभ चावली.

"असू दे."

"मिसेस कुचेरा," रूबेन कळवळून म्हणाला, "मी ते आत्ताच सगळं तपासून बंद केलंय!"

"म्हणून तर चेक थांबवला. मोडलं तर माझं मोडेल. तुला पुन्हा तपासायचे पैसे मी देईन, आणि वहीत लिही हं कारण. पूर्ण नावासकट."

टेसच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ती काही बोलली नाही. गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बाईला कधी गप्प बसायचं ते कळतं.

वेंडेल उजवीकडे बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मी हात लावणार नाही," तो म्हणाला. "जीवावर बेतलं तरच." वर जाणं सोपं होतं, ते आर्डिथ तीस वर्षं करत आली होती. गावाची पाण्याची टाकी पंखाखालून गेली, मग रेल्वेचे रूळ, मग गवताची पट्टी समोर आली, लांबट आणि हिरवी, आणि जवळ यायला लागली. कुंपणाशी माणसं उभी होती. इथे दरवेळी मायलोचा हात पुढे यायचा. ती वाट बघतेय हे तिच्या लक्षात आलं, आणि कुणाचाही हात आला नाही.

"नाक वर," वेंडेल म्हणाला. "अजून. धर. धरून ठेव."

चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं, पुन्हा उसळलं, डावीकडे कलंडल्यासारखं झालं, आर्डिथने किंचाळत पाय दाबला, आणि मग ते गवतातून धडधडत सरळ पळायला लागलं. पळता पळता हळू झालं. थांबलं.

नाकावरचा पंखा अजून फिरत होता. वेंडेलचे हात गुडघ्यांवरच होते, फक्त बोटं पांढरी पडली होती. कुंपणाशी जीन आणि बाकीचे दोघे हलत नव्हते, टेसने दोन्ही हात तोंडावर धरले होते, आणि रूबेन बॅटरी घेऊन धावत निघालाच होता.

आर्डिथने घाम पुसला आणि मान वळवली.

"किती?"

वेंडेलने तोंड उघडलं, मिटलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घसा साफ केला.

"दोन," तो म्हणाला. "दुसरी वाईट होती. नाक फार लवकर सोडलंस."

"हां," आर्डिथ म्हणाली. तिने काच उघडून रूबेनला ओरडून बाजूला व्हायला सांगितलं आणि विमान पुन्हा पट्टीच्या टोकाकडे वळवलं.